हातगुणाकडून मापाकडे



‘नॅनो’ हा शब्द गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रयोगशाळेतून निघून दुकानाच्या फळीवर येऊन बसला आहे. भिंतीच्या रंगाचा डबा, पाण्याची गाळणी, खताची बाटली, चेहऱ्याला लावायचे मलम, सगळ्यांवर तो छापलेला दिसतो. वाचणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ ‘फार बारीक, म्हणून फार गुणकारी’ एवढाच उरतो. ही समजूत अर्धी खरी आहे, आणि अर्ध्या खऱ्या समजुती काढून टाकणे सर्वांत अवघड असते. आज मला मांडायचे आहे ते असे. बारीक कण माणूस शेकडो वर्षे करत आला आहे. गेल्या चाळीस वर्षांत या शास्त्राने जी झेप घेतली, ती कणाचे माप कळल्यामुळे आणि कळलेल्या मापाचा कण हवा तेव्हा पुन्हा तस्साच करता आल्यामुळे. जिथे हे साधले तिथे औषध झाले, दिवा झाला, लस झाली. जिथे साधले नाही, तिथे शब्द तेवढा वापरात राहिला.

आधी बारीकपणाने काय होते ते थोडक्यात पाहू. नॅनोमीटर म्हणजे मीटरचा शंभर कोटीवा भाग. माणसाच्या केसाची जाडी ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर भरते. एक सेंटिमीटर बाजूचा, म्हणजे साधारण सोंगटीच्या फाशाएवढा, ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग सहा चौरस सेंटिमीटर. हाच ठोकळा चिरत चिरत एक नॅनोमीटर बाजूच्या तुकड्यांपर्यंत नेला, तर त्या सर्व तुकड्यांचा पृष्ठभाग मिळून सहा हजार चौरस मीटर होतो, म्हणजे जवळजवळ साठ गुंठे. पदार्थ तेवढाच, वजन तेवढेच, पण बाहेरच्या जगाशी भिडणारी जागा दीड एकराची झाली. सोन्याच्या दोन-तीन नॅनोमीटरच्या कणात निम्म्याच्या आसपास अणू पृष्ठभागावरच असतात, आणि पृष्ठभागावरच्या अणूचे सोबती एका बाजूने तुटलेले असतात. म्हणून एरवी कशाशीही संयोग न पावणारे, पिढ्यान्‌पिढ्या न काळवंडणारे सोने या आकारात वेगळे वागते. जपानचे मासाताके हारुता यांनी १९८०च्या दशकात दाखवले की धातूच्या ऑक्साइडवर बसवलेले सोन्याचे असे कण विषारी कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन शून्य अंशाखालीही घडवून आणतात. सोने १०६४ अंशांना वितळते, पण हे कण त्याच्या कितीतरी आधी वितळतात. गुण केवळ वाढत नाहीत, बदलतात. आणि पाच नॅनोमीटरला एक गुण, पन्नासला दुसरा, असे बदलतात. बारीकपणाला गुण चिकटलेला नाही, तो मापाला चिकटला आहे. माझे पुढचे सगळे बोलणे या एका गोष्टीवर उभे आहे.

इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो आपल्या घरातला असल्यामुळे त्याला आधी उत्तर दिले पाहिजे. आपल्या रसशास्त्रात सुवर्णभस्म आहे, ताम्रभस्म आहे, लोहभस्म आहे. आधुनिक उपकरणांखाली सुवर्णभस्म तपासले तेव्हा काही नमुन्यांत पन्नास-साठ नॅनोमीटरचे सोन्याचे कण आढळले. मग हे शास्त्र आपल्याकडे आधीपासून होतेच, असे का म्हणू नये? या प्रश्नाला हसण्यावारी नेणारे चूक करतात. भस्म नीट झाले की नाही हे ठरवण्याच्या ज्या कसोट्या रसवैद्यांनी घालून दिल्या, त्या खऱ्याखुऱ्या कसोट्या आहेत. भस्म पाण्यावर तरंगले पाहिजे, ते वारितर. चिमटीत चोळल्यावर बोटांच्या रेषांत शिरले पाहिजे, ते रेखापूर्ण. धातूची चमक उरता कामा नये, ते निश्चंद्र. उपकरण नसताना, केवळ पाण्याचा ताण, कातडीची खाच आणि डोळा यांना मापक करून सूक्ष्मता तपासण्याची ही युक्ती होती आणि ती मला थक्क करते. परंतु तिची मर्यादाही तिच्यातच आहे. बोटावरच्या दोन रेषांमधली खाच मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाहून फारशी अरुंद नसते, म्हणजे लाखभर नॅनोमीटर. पन्नास नॅनोमीटरचा कण त्या खाचेत शिरेल आणि पाच हजार नॅनोमीटरचाही शिरेल. कसोटी दोघांनाही उत्तीर्ण करील. म्हणजे भस्मात नॅनोकण होते हे खरे, पण ते तिथे आहेत की नाहीत, किती आहेत, यंदाच्या खलात निघाले तसेच पुढच्या वर्षी निघतील की नाही, हे करणाऱ्याला ठरवता येत नव्हते. ज्याला आपण हातगुण म्हणतो त्यावर सारे अवलंबून होते.

हातगुणाचे काय होते, याचे सर्वांत बोलके उदाहरण पोलादाचे आहे. दक्षिण भारतात, विशेषतः आजच्या तेलंगण आणि तमिळनाडूच्या परिसरात, मुशीत वितळवून केलेले वुट्झ पोलाद पश्चिम आशियात जात असे आणि त्यापासून पाण्याच्या लहरींसारखी नक्षी अंगभर असलेल्या दमास्कस तलवारी घडत. २००६ मध्ये जर्मनीतल्या ड्रेस्डेनच्या संशोधकांनी सतराव्या शतकातल्या अशा एका तलवारीच्या पोलादात कार्बनच्या नॅनोनलिका असल्याचे ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध केले. बातमी मोठी झाली, आणि अभिमान वाटणे साहजिक होते. पण त्या कथेचा उत्तरार्ध फारसा कोणी सांगत नाही. ही विद्या एकोणिसावे शतक येईपर्यंत नाहीशी झाली. धातुतज्ज्ञ जॉन व्हर्हूव्हन आणि घिसाडी कामात मुरलेले आल्फ्रेड पेंड्रे यांनी वर्षानुवर्षे प्रयोग करून याचे एक कारण मांडले: त्या नक्षीसाठी लोखंडात व्हॅनेडियमसारख्या मूलद्रव्यांचा अत्यल्प अंश लागतो. विशिष्ट खाणीतल्या धातुकात तो होता, आणि ती खाण संपली तेव्हा नव्या धातुकात तो नव्हता. कारागिराने तीच भट्टी, तीच मूस, तेच घाव वापरले आणि तलवार मात्र पूर्वीसारखी होईना. काय बदलले हे कळण्याचा मार्गच त्याच्यापाशी नव्हता. हे कारण मान्य केले तर दोष त्या कारागिराकडे जात नाही. त्याच्या कौशल्यापुढे आपण नम्रच राहावे. पण ज्या ज्ञानाला आपल्या यशाचे कारण मोजता येत नाही, ते एका खाणीबरोबर मरू शकते.

आता याच्या समोर क्वांटम डॉटचा, म्हणजे अर्धवाहकाच्या नॅनोकणाचा, इतिहास ठेवू, कारण माझ्या म्हणण्याचा मुख्य पुरावा तोच आहे. २०२३चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक अलेक्सी एकिमॉव्ह, लुई ब्रुस आणि मौंगी बावेंडी यांना ज्या कामासाठी मिळाले, ते हेच. बासरीची नळी आखूड केली की स्वर चढतो. अर्धवाहकाच्या कणात कोंडलेल्या इलेक्ट्रॉनचेही तसेच आहे: कण जितका लहान, तितकी त्याची ऊर्जा चढी, आणि तितका त्याचा प्रकाश निळ्याकडे सरकतो. कॅडमियम सेलेनाइडचा सहा नॅनोमीटरच्या आसपासचा कण तांबडा प्रकाश देतो, दोनच्या आसपासचा निळसर. पदार्थ एक, रंग मापाप्रमाणे. असे काही व्हावे हे हर्बर्ट फ्रोलिख यांनी १९३७ मध्येच सिद्धांताने सुचवले होते. काच करणाऱ्या कारखान्यांना तर अनुभवाने ठाऊकच होते की तोच पदार्थ घालून भट्टीचे तापमान आणि वेळ बदलली की काचेचा रंग बदलतो. सिद्धांत एकीकडे, हातगुण दुसरीकडे, आणि दोघांची गाठ पडायला चाळीसएक वर्षे लागली. ती एकिमॉव्ह यांनी सोव्हिएत रशियात घालून दिली. तांब्याच्या क्लोराइडची काच त्यांनी ५०० ते ७०० अंशांवर कधी एक तास, कधी ९६ तास तापवली आणि मग क्ष-किरणांनी आतल्या स्फटिकांचे माप घेतले. दोन नॅनोमीटरपासून तीसपर्यंतचे स्फटिक होते, आणि माप जसे कमी, तसे शोषलेला प्रकाश निळ्याकडे. १९८१ मध्ये त्यांनी हे छापले. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत ब्रुस यांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी द्रावणात कॅडमियम सल्फाइडचे कण केले होते आणि एक दिवस ठेवून दिल्यावर त्यांचे प्रकाशीय गुण बदललेले दिसले. दुसऱ्या कोणी बाटली शिळी झाली म्हणून ओतून दिली असती. ब्रुस यांनी मापे घेतली: ताजे कण सुमारे साडेचार नॅनोमीटरचे होते, ठेवून वाढलेले साडेबाराचे.

इथवर येऊनही या कणांचा व्यवहारात उपयोग शून्य होता. कारण बाटलीतले कण लहानमोठे निघत, एकाच घाण्यात सगळे रंग मिसळून मळकट प्रकाश मिळे, आणि दोन वेळा केलेले द्रावण सारखे येत नसे. ही अडचण १९९३ मध्ये बावेंडी यांनी एमआयटीत आपल्या विद्यार्थ्यांसह सोडवली, आणि ती सोडवण्याची रीत पाहण्यासारखी आहे. त्यांनी द्रावक कडकडीत तापवला आणि त्यात कच्चा माल एकदम टोचला. फोडणीत मोहरी एका क्षणी तडतडावी तसे सगळे स्फटिक एकाच क्षणी जन्मले. थंड द्रव आत पडल्याने तापमान लगेच उतरले, म्हणून नंतर नवे जन्मले नाहीत. मग हळूहळू पुन्हा तापवून सगळे एकाच वयाचे कण एकाच गतीने वाढू दिले आणि हवे ते माप आले की थांबवले. यात नवा पदार्थ नव्हता, नवा सिद्धांतही नव्हता. एकसारखेपणा होता. आणि तो मिळताच दहा-वीस वर्षांत हे कण दूरचित्रवाणीच्या पडद्यात, दिव्यांत आणि पेशींचे नकाशे काढणाऱ्या जीवशास्त्रज्ञांच्या हातात गेले. चाळीस वर्षे सिद्धांत, शंभर वर्षे काचकाम, आणि दार उघडले ते मापाने.

आरएनए लसींबद्दलही हेच सांगता येते. आरएनए शरीरात टोचला तर काही क्षणांत तुटून जातो. त्याला चार प्रकारच्या स्निग्ध रेणूंच्या ऐंशी-शंभर नॅनोमीटरच्या गोळीत गुंडाळावे लागते. २०१८ मध्ये पॅटिसिरान हे अशा वेष्टनातले पहिले आरएनए-आधारित औषध अमेरिकेत मान्य झाले, आणि दोन वर्षांत तीच विद्या कोविडच्या लसीला कामी आली. या गोळ्या एकसारख्या होण्यासाठी दोन प्रवाह अरुंद नळीत फार वेगाने मिसळावे लागतात. मिसळणे सावकाश झाले की गोळ्या लहानमोठ्या होतात. प्रत्येक घाण्याचे सरासरी माप आणि त्यातला फरक तपासल्याशिवाय कुपी बाहेर पडत नाही. पुण्यात तयार झालेल्या भारताच्या पहिल्या एमआरएनए लसीला २०२२ मध्ये आणीबाणीच्या वापराची परवानगी मिळाली आणि ती साध्या शीतकपाटाच्या, म्हणजे दोन ते आठ अंशांच्या तापमानात टिकते. हे यश आपल्या प्रांतात घडले याचा मला मनापासून आनंद आहे.

उलट बाजूही तितक्याच स्पष्टपणे सांगितली पाहिजे. ग्राफिन म्हणजे कार्बनचा एका अणूच्या जाडीचा पापुद्रा. त्याच्या गुणांची वर्णने ऐकून जगभर कारखाने निघाले. २०१८ मध्ये सिंगापूरच्या संशोधकांनी साठ उत्पादकांचे नमुने काळजीपूर्वक तपासले. बहुतेकांत ग्राफिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून कमी निघाले आणि निम्म्याहून अधिक ग्राफिन एकातही नव्हते. जे विकले जात होते ते मुख्यतः बारीक केलेले ग्रॅफाइट होते, पेन्सिलीतले. चिपच्या बाबतीत तर ‘तीन नॅनोमीटर’ हे नाव आता पिढीचे नाव झाले आहे. त्या चिपवर शेजारच्या दोन गेटमधले अंतर अजून चाळीस-पन्नास नॅनोमीटरच्या घरात असते. तिथे निदान चिप चालते, म्हणून नावाने फारसे बिघडत नाही. शेतात मात्र बिघडते.

२०२१ मध्ये आपल्या देशात नॅनो युरिया बाजारात आला. अर्ध्या लिटरची बाटली पंचेचाळीस किलोच्या गोणीचे काम करते, असे शेतकऱ्याला सांगण्यात आले. हिशेब कोणालाही करता येईल असा आहे. गोणीत ४६ टक्के नत्र, म्हणजे वीस किलोंहून थोडे अधिक. बाटलीत तेव्हा ४ टक्के, म्हणजे वीस ग्रॅम. एक किलो गव्हाच्या दाण्यांतच साधारण वीस ग्रॅम नत्र असते. यावर दिले जाणारे उत्तर असे, की गोणीतले बरेच नत्र वाहून आणि उडून जाते आणि पानावर फवारलेले नत्र जवळजवळ सगळे लागू पडते. गोणीतले दोनतृतीयांश वाया गेले असे धरू, आणि बाटलीतला कणन्‌कण पिकाला मिळाला असे मानू. तरी सहासात किलो आणि वीस ग्रॅम यांच्यात तीनशेपटींहून अधिक फरक उरतो. पुढे बाटलीतले प्रमाण वाढवले गेले, तरी ते शंभर ग्रॅमच्या घरातच आहे. यावरही असे म्हणता येईल की नॅनोकण वनस्पतीच्या आत काही निराळी प्रक्रिया सुरू करत असतील. असतीलही, नॅनोचा सगळा इतिहासच अनपेक्षित गुणांचा आहे. पण युरिया पाण्यात सहज विरघळतो आणि विरघळल्यावर कण उरत नाही, रेणू उरतात. तेव्हा कण टिकवणारे वेष्टन कोणते, पानाच्या आत ते कुठे सुटते, हे मोजून दाखवावे लागेल. कोपनहेगन विद्यापीठाच्या दोन वनस्पतिशास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये नेमके हेच प्रश्न विचारले. लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने दोन वर्षे शेतात चाचणी घेतली. नेहमीच्या खताचा वाटा कमी करून त्याऐवजी फवारणी केली, तेव्हा गव्हाचे उत्पादन २१.६ टक्क्यांनी आणि भाताचे सुमारे १३ टक्क्यांनी घटले. उत्पादकांच्या चाचण्यांत सरासरी ८ टक्के वाढ सांगितली गेली होती. तुलना कशाशी केली, मूळ खत किती होते, हे शेजारी मांडल्याशिवाय यातला कोणताही आकडा शेतकऱ्याच्या कामाचा नाही. आणि चुकीच्या आकड्याची किंमत खळ्यावर तोच मोजतो.

धोक्याविषयीची भीतीही अशीच मापाशिवाय पसरते. नॅनो म्हणजे घातक, असे सरसकट म्हणणारे आणि नॅनो म्हणजे वरदान म्हणणारे दोघेही तीच चूक करतात. २००८ मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवले की लांब आणि ताठ कार्बन नलिका ॲस्बेस्टॉसच्या तंतूंसारखा दाह निर्माण करतात, कारण शरीरातल्या सफाई करणाऱ्या पेशींना त्या गिळता येत नाहीत. आखूड किंवा गुंतलेल्या नलिकांनी तसे केले नाही. २०१४ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेनेही एका विशिष्ट ताठ प्रकारालाच संभाव्य कर्कजनक ठरवले. बाकीच्या नलिकांबद्दल पुरावा अपुरा असल्याचे नोंदवले. रसायन एकच, लांबी वेगळी. म्हणून कायद्याने पदार्थाचे नाव विचारून भागत नाही. त्याने लांबी विचारली पाहिजे.

एक आक्षेप गंभीर आहे. मोजणे महाग असते. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाला कोट्यवधी रुपये पडतात. गरीब देशाने आधी उपयोगाची वस्तू करावी की माप घेत बसावे? भारताने २००७ मध्ये हजार कोटी रुपयांचे नॅनो मिशन सुरू केले, आणि शोधनिबंधांच्या संख्येत आपण जगात पुढच्या रांगेत आलो. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने बुरशी, कडुनिंब आणि गवती चहा यांच्या अर्कांपासून सोन्याचांदीचे कण केले. गवती चहाच्या अर्कात सोन्याचे पातळ त्रिकोण तयार होतात, हा त्यांचा २००४चा निबंध जगभर वाचला गेला, आणि तो होताच तसा सुंदर. त्यानंतर मात्र जगात जितकी झाडे तितके निबंध अशी अवस्था झाली. पाला कुठल्या ऋतूतला, कुठल्या मातीतला यावर अर्क बदलतो. अर्क बदलला की कण बदलतो. पुष्कळ ठिकाणी गाडी पहिल्या घाण्यापाशीच थांबली, म्हणजे पुन्हा हातगुणाशी. याउलट चेन्नईच्या आयआयटीत प्रदीप यांच्या गटाने आर्सेनिक काढणारी लोहाच्या ऑक्साइडची नॅनोरचना केली, तेव्हा त्यांचे परीक्षण नळाखाली होत होते: लिटरमागे दहा मायक्रोग्रॅमच्या मर्यादेखाली पाणी आले की नाही, महिन्यांनंतरही येते की नाही. आर्सेनिकग्रस्त गावांपर्यंत ती गाळणी पोहोचली ती याच जोरावर. गरीब देशाला न मोजणे परवडत नाही, कारण फसलेली बाटली परत घ्यायला कोणी येत नाही. प्रत्येक महाविद्यालयात सूक्ष्मदर्शक नको. विभागवार काही सामायिक प्रयोगशाळा हव्यात, जिथे प्रमाणित मापाचे कण ठेवलेले असतील. अमेरिकेच्या मानक संस्थेने दहा, तीस आणि साठ नॅनोमीटरचे सोन्याचे कण असेच प्रमाण म्हणून उपलब्ध करून दिले आहेत. बाजारात तराजू तपासणारा निरीक्षक असतो, तसाच नॅनो म्हणवणाऱ्या प्रत्येक मालाचे माप तपासणारा कोणीतरी असला पाहिजे.

शेवटचा आक्षेप संशोधकच घेतात: इतके मापाच्या मागे लागलात तर अपघाताने लागणारे शोध कसे लागतील? आंद्रे गाइम आणि कॉन्स्टंटिन नोव्होसेलोव्ह यांनी मँचेस्टरमध्ये २००४ साली चिकटपट्टीने ग्रॅफाइट सोलून ग्राफिन वेगळे केले. यात कुठले आले माप? २०१८ मध्ये एमआयटीत ग्राफिनचे दोन थर एकमेकांवर १.१ अंशाने फिरवून ठेवले तेव्हा निरपेक्ष शून्याच्या जवळ, १.७ केल्विनला, वीज विनाअडथळा वाहू लागली. तो कोन सात वर्षे आधी गणिताने काढलेला होता, आणि आजही एकाच नमुन्यात तो इकडून तिकडे किंचित बदलतो म्हणून दोन प्रयोगशाळांचे निष्कर्ष तंतोतंत जुळत नाहीत. तिथे मापाची गरज कोणी नाकारणार नाही. पण चिकटपट्टीची गोष्टही नीट वाचली तर निराळी दिसते. सोललेले कपटे त्यांनी सिलिकॉनच्या चकतीवर ठेवले, आणि त्या चकतीवर सिलिकॉन ऑक्साइडचा ३०० नॅनोमीटर जाडीचा थर होता. त्या जाडीवर प्रकाशाच्या लहरी अशा जुळतात की एका अणूच्या जाडीचा पापुद्राही साध्या सूक्ष्मदर्शकाखाली फिकट डागासारखा उमटतो. हा थर ३०० ऐवजी ३१५ नॅनोमीटरचा असला तर तो डाग दिसतच नाही, असे त्या दोघांनीच नंतर लिहून ठेवले आहे. पेन्सिलीने रेघ ओढणाऱ्या प्रत्येक हाताने तोवर असे कपटे कागदावर सोडलेलेच होते.